जोड लावण्याआधी

१९६९ साली मायामीत रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली यांनी कॅमेऱ्यासमोर सत्तरच्या आसपास छोट्या छोट्या फेऱ्या खेळून दिल्या. मार्सियानो पंचेचाळीस वर्षांचा होता, रिंग सोडून त्याला तेरा वर्षं झाली होती. या कामासाठी त्याने वीस-बावीस किलो वजन उतरवलं आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. अली सत्तावीस वर्षांचा. सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे त्याचा किताबही गेला होता आणि खेळण्याचा परवानाही, त्यामुळे हातात पैसा नव्हता. निर्माता मरी वोरोनर याने सगळ्या शक्यता चित्रित करून ठेवल्या. कधी अली पडतो, कधी मार्सियानो पडतो, कधी मार्सियानोचा चेहरा फाटतो. मग दोघांची आकडेवारी एनसीआर ३१५ या संगणकात भरून निकाल काढला, आणि २० जानेवारी १९७० रोजी चित्रपट दाखवला गेला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत मार्सियानोला अलीला आडवं करताना पाहिलं. अमेरिकेबाहेर दाखवलेल्या एका आवृत्तीत अली जिंकला. मार्सियानोला दोन्ही निकाल कळले नाहीत. ३१ ऑगस्ट १९६९ ला, सेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो विमान अपघातात गेला होता.

याच वोरोनरने १९६७ मध्ये सोळा हेवीवेटांची एक काल्पनिक स्पर्धा रेडिओवर खेळवली होती. त्यात अली जिम जेफ्रीजकडून हरला. हा जेफ्रीज विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा विजेता. अलीने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला आणि त्या दाव्याच्या तडजोडीतून पुढचा चित्रपट निघाला. काल्पनिक हारही माणसाला एवढी झोंबते, मग आपण कट्ट्यावर त्यावरून वाद घालतो त्यात नवल ते काय!

मीही हा वाद पुष्कळ घातला आहे आणि बऱ्याचदा वाईट घातला आहे. ‘अली विरुद्ध टायसन, कोण?’ असं कुणी विचारलं की मी लगेच नाव सांगून मोकळा व्हायचो, मग तासभर त्या नावाची वकिली करायची. आता आधी अटी विचारतो. आपल्याकडच्या कुस्तीच्या मैदानात जाणते वस्ताद जोड लावताना हेच करतात. वजन किती, वय किती, मागच्या कुस्त्या कुणाशी झाल्या, कुस्ती निकाली आहे की गुणांवर, हे कळल्याशिवाय ते जोड पक्की करत नाहीत. दोन काळांतल्या मुष्टियोद्ध्यांची जोड लावायची असेल तर त्याहून थोडं जास्तच विचारावं लागतं. काय विचारायचं आणि मिळालेल्या उत्तराचं काय करायचं, ते या लेखात सांगतो.

पहिली गोष्ट, तारीख ठरवा. ‘अली’ नावाचा एकच मुष्टियोद्धा कधीच नव्हता. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सला तीन फेऱ्यांत संपवणारा अली पायांवर जगत होता. १९७४ मध्ये किन्शासाला दोरांना पाठ टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे खाणारा आणि आठव्या फेरीत त्याला लोळवणारा अली डोक्यावर आणि सोसण्याच्या ताकदीवर जगत होता. ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्ससमोर उभा राहिलेला अली तर उभाच राहायला नको होता. यातला कुठला अली घेताय, हे न सांगता वाद सुरू झाला की एक जण १९६६ चा अली मनात धरून बोलतो, दुसरा १९८० चा, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याला खेळातलं काही कळत नाही. माइक टायसनच्या बाबतीतही जून १९८८ आणि फेब्रुवारी १९९० यांत वीसच महिन्यांचं अंतर आहे, पण पहिल्या तारखेला त्याने मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं आणि दुसऱ्या तारखेला टोकियोत बस्टर डग्लसने त्यालाच झोपवलं.

तारीख म्हणजे महिना-वर्ष. ‘ऐन उमेदीतला’ हा शब्द वापरू देऊ नका. तो शब्द म्हणजे हवा तो पुरावा घ्यायची आणि नको तो टाळायची पळवाट आहे.

दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. जुन्या माणसाला उचलून आणायचा, की इथेच वाढवायचा? १९१९ चा जॅक डेम्प्सी, त्याच्या ८५ किलोंसकट आणि त्याला ठाऊक असलेल्या डावपेचांसकट, उद्या सकाळी आजच्या रिंगमध्ये सोडायचा, हा एक खेळ झाला. डेम्प्सीचा पिंड, वेग आणि इरेला पेटण्याची वृत्ती घेऊन त्याला आजचं खाणं, आजचा व्यायाम आणि आजचे प्रशिक्षक द्यायचे, हा दुसरा. पहिल्यात तो आजच्या बहुतेक धिप्पाड हेवीवेटांपुढे फार टिकेल असं मला वाटत नाही. दुसऱ्यात त्याचं वजन किती भरलं असतं हे कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळे तिथे वाद रंगतो पण निकाल लागत नाही. मी स्वतः पहिलाच खेळ खेळतो. त्यात जुन्यांवर अन्याय होतो, मान्य आहे. पण निदान तपासता येतील अशा गोष्टी हातात राहतात.

उचलून आणतानाही एक असमतोल लक्षात ठेवावा लागतो: नंतरच्याने आधीच्याला पाहिलेलं असतं, आधीच्याने नंतरच्याला कधीच नाही. कॅट्सकिलला प्रशिक्षक कस डमाटोच्या घरी वाढलेला टायसन जिम जेकब्सने जमवलेल्या जुन्या लढतींच्या रिळांवर पोसला होता. डेम्प्सी त्याने पुन्हा पुन्हा पाहिलेला. डेम्प्सीला मात्र टायसन ठाऊक असण्याची सोयच नाही. आणि पाहण्याने किती फरक पडतो याचा दाखला इतिहासातच आहे. १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगने जो लुईसच्या चित्रफिती बघून हेरलं की जॅब मारल्यावर त्याचा डावा हात खाली येतो. त्या फटीतून उजवे ठोसे घालत त्याने बाराव्या फेरीत लुईसला झोपवलं. दोन वर्षांनी तोच लुईस ती खोड सुधारून आला आणि १२४ सेकंदांत श्मेलिंगचा निकाल लावला. म्हणून माझ्या काल्पनिक लढतींत दोघांनाही तीन महिने आणि समोरच्याच्या सगळ्या चित्रफिती मिळतात. हे मी आधीच जाहीर करतो.

आता नियम. या मुद्द्यावर मी रेंगाळणार आहे, कारण अनेक वाद इथेच निकालात निघतात आणि कट्ट्यावर याच्याकडे कुणी बघत नाही.

आज जागतिक किताबाची लढत १२ फेऱ्यांची असते. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक कू याचा लढतीतल्या माराने मृत्यू झाला, त्यानंतर जागतिक संघटनांनी एकामागून एक १५ च्या १२ केल्या. ऐकायला तीन फेऱ्यांची काटछाट वाटते. आता हे बघा. जून १९४१ मध्ये बिली कॉन नावाचा, ८० किलोंच्याही आतला, चपळ गडी जो लुईसला नाचवत होता. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा गुण देणाऱ्या तिघांपैकी दोघांच्या गुणपत्रिकेवर कॉन पुढे होता, तिसऱ्याच्या पत्रिकेवर बरोबरी होती. तेराव्या फेरीत कॉनला आता झोपवूनच जिंकायची हौस आली आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना लुईसने त्याला आडवं केलं. आजच्या नियमांत त्या रात्री कॉन विजेता ठरतो आणि लुईसचे सलग २५ बचाव इतिहासात राहत नाहीत. सप्टेंबर १९५२ मध्ये मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटकडून किताब घेतला तोही तेराव्याच फेरीत, एका उजव्या ठोशावर. तोवर तिन्ही गुणपत्रिकांवर तो मागे होता. आजच्या नियमांत मार्सियानोच्या नावापुढचं ते प्रसिद्ध ४९-० तिथेच मोडतं. आणि १९१५ मध्ये हवानात, ४५ फेऱ्यांच्या लढतीत, जेस विलर्डने जॅक जॉन्सनला पाडलं ते २६ व्या फेरीत. पंधरा फेऱ्यांच्या, अगदी वीस फेऱ्यांच्या नियमातही जॉन्सन बहुधा किताब राखून घरी गेला असता.

म्हणजे तीन मोठ्या लढतींचे निकाल नुसत्या फेऱ्यांच्या आकड्यावर फिरतात. निकाली कुस्ती आणि गुणांची कुस्ती हे दोन वेगळे खेळ आहेत, हे आपल्याकडच्या मैदानावर वाढलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. दमाचा पैलवान निकालीत वर येतो, चपळ पैलवान गुणांत. इथेही तेच.

फेऱ्यांखेरीज बाकीचे नियम थोडक्यात. डेम्प्सीने १९१९ मध्ये टोलेडोला विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं, तेव्हा पडलेल्या माणसाच्या डोक्याशी उभं राहून तो उठता उठताच पुन्हा हाणायची मोकळीक होती. १९२७ मध्ये शिकागोला जीन टनी पडला तेव्हा नियम बदललेला होता. पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात गेल्याशिवाय मोजणी सुरू होणार नव्हती. डेम्प्सी सवयीने तिथेच घुटमळला, टनीला ज्यादा सेकंद मिळाले आणि तो सावरून जिंकला. जुने ग्लोव्ह्ज हलके आणि पातळ असत, आज हेवीवेटांचे दहा औंसांचे असतात. रक्ताबद्दलची सहनशीलताही बदलली. १९५४ मध्ये एझर्ड चार्ल्सने मार्सियानोचं नाक फाडलं, तरी लढत चालू राहिली आणि आठव्या फेरीत मार्सियानो जिंकला. २००३ मध्ये लॉस एंजेलिसला व्हिताली क्लिच्को तिन्ही गुणपत्रिकांवर लेनॉक्स लुईसच्या पुढे होता, पण डोळ्यावरच्या जखमेमुळे सहाव्या फेरीनंतर लढत थांबवली आणि विजय लुईसला गेला. तेव्हा काल्पनिक लढत ठरवताना हेही सांगा की रिंगमधला पंच कुठल्या दशकातला आहे.

शरीराचा मुद्दा सगळे काढतात, पण ढोबळपणे. ‘आजचे लोक मोठे आहेत’ हे खरंच आहे. हेवीवेट गटाला वरची मर्यादा नाही आणि १९८० च्या सुमारास त्याच्या खालचा क्रूझरवेट गट आला. त्याची मर्यादा आज २०० पौंड, म्हणजे ९१ किलोंच्या किंचित खाली. ८५ किलोंचे मार्सियानो आणि डेम्प्सी आज क्रूझरवेट ठरले असते, आणि १९३८ चा जो लुईसही काठावरच आला असता. मार्सियानोची उंची पाच फूट साडेदहा इंच, हातांचा फैलाव ६८ इंच. टायसन फ्युरीचा फैलाव ८५ इंच आहे. सतरा इंच! हे अंतर तोडून आत शिरताना मार्सियानोला किती जॅब खावे लागतील याचा विचार करून बघा.

तरी नुसत्या आकाराला भुलू नका. लुईसने १९३५ मध्ये त्याच्याहून जवळजवळ ३० किलोंनी जड प्रिमो कार्नेराला सहाव्या फेरीत संपवलं होतं. विलर्डही डेम्प्सीहून २५-२६ किलोंनी जड होता. यावर उत्साही माणूस म्हणतो, बघा, मोठ्यांना ते पाडत होतेच! हा युक्तिवाद अर्धवट आहे. कार्नेरा अवाढव्य होता, पण कसलेला नव्हता. लेनॉक्स लुईस, क्लिच्को बंधू, फ्युरी हे अवाढव्यही आहेत आणि त्यांना जॅबही येतो, पायही टाकता येतात. जुन्या काळात अशी माणसं नव्हती, त्यामुळे जुन्यांनी त्यांच्यासमोर काय केलं असतं याचा थेट पुरावाही नाही. आकाराचं उत्तर आपल्याच काळात एका माणसाने दिलं आहे. मे २०२४ मध्ये रियाधला १०१ किलोंच्या ओलेक्सांडर उसिकने ११९ किलोंच्या फ्युरीला नवव्या फेरीत दोरांवर ढकलून मोजणी घ्यायला लावली आणि गुणांवर हरवलं, डिसेंबरात पुन्हा हरवलं. उसिक क्रूझरवेटमधूनच वर आलेला. म्हणजे लहान माणूस जिंकू शकतो, पण त्याच्याकडे उसिकचे पाय, उसिकचा ७८ इंची फैलाव आणि डावखुरेपण हवं. मार्सियानोकडे यातलं काही नव्हतं. माझ्या मते २०२४ च्या फ्युरीसमोर १९५२ चा मार्सियानो हरतो, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण माणूस म्हणून मार्सियानोची जिद्द मला या सगळ्यांत जास्त भावते.

आता विजयांची यादी कशी वाचायची ते बघू. ४९-० मधलं शून्य डोळे दिपवतं. त्यातल्या मोठ्या नावांची वयं लिहून काढा. जो लुईस ३७, वॉलकॉट ३८, आर्ची मूर चाळिशीच्या आसपास. लुईस तर एकदा निवृत्त होऊन कर फेडण्यासाठी परत आलेला. याचा अर्थ मार्सियानो फुसका होता असा मुळीच नाही. वॉलकॉटने आणि मूरने त्याला खाली पाडलं आणि तो उठून जिंकला, हे त्या शून्यापेक्षा मला जास्त सांगतं. उलट अलीच्या नावावर पाच पराभव आहेत, पण त्यातले तीन कारकिर्दीच्या अखेरच्या चार लढतींतले. यादी वाचताना प्रत्येक मोठ्या नावासमोर त्या दिवसाचं वय आणि त्याच्या आधीच्या दोन लढतींचे निकाल लिहायची सवय लावा. दहा मिनिटांचं काम आहे आणि निम्मी भांडणं त्यात मिटतात.

यादीत नसलेली नावंही वाचा. डेम्प्सीच्या काळात हॅरी विल्स वर्षानुवर्षं आव्हानवीर होता, त्याला किताबाची संधी मिळाली नाही, कारण तो काळा होता. त्याआधी पीटर जॅक्सन आणि सॅम लँगफर्ड यांचंही तेच झालं. पहिला काळा विजेता जॅक जॉन्सन १९०८ मध्ये सिडनीला किताब जिंकल्यावर स्वतःही काळ्या प्रतिस्पर्ध्यांना टाळत राहिला. किताब हातात असताना तो त्यांच्यापैकी एकाशीच लढला, १९१३ मध्ये पॅरिसला. त्यामुळे १९३७ पूर्वीच्या कुठल्याही विजेत्याला ‘त्याच्या काळातला सर्वोत्तम’ म्हणताना जीभ जराशी अडखळली पाहिजे. आणि क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हनसन? १९७२, १९७६, १९८० अशी ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं घेऊन तो कधी व्यावसायिक झालाच नाही. अली-स्टीव्हनसन हा खरं तर काळाचा फरक नसलेला, तरीही काल्पनिकच राहिलेला सामना.

‘क ने ख ला हरवलं, ख ने ग ला, म्हणून क हा ग ला हरवणार’, हे गणित बॉक्सिंगमध्ये चालत नाही. १९७१ मध्ये जो फ्रेझरने अलीला हरवलं. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला फोरमनने त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. मग १९७४ मध्ये अलीने फोरमनला. केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला, पण फोरमनसमोर दोन फेऱ्याही धड उभा राहिला नाही. कुणाची ढब कुणाला अडचणीची ठरते, यावर सगळं असतं. पुढे चालून येणाऱ्या फ्रेझरला फोरमनचे लांबून येणारे अपरकट घातक होते. मागे सरकणाऱ्या, गळ्यात हात घालून ओढणाऱ्या अलीवर ते वाया जात होते.

दोन काळांना जोडणारी माणसं मात्र उपयोगाची असतात, सांभाळून वापरली तर. आर्ची मूर १९५५ मध्ये मार्सियानोशी नऊ फेऱ्या लढला आणि १९६२ मध्ये कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा अली, याने त्याला चार फेऱ्यांत उडवलं. यावरून अली सरस ठरत नाही, मधली सात वर्षं तेवढी दिसतात. पण उलट्या दिशेचा पुरावा भक्कम असतो. म्हातारा माणूस तरुणांना जड गेला तर त्याच्या तरुणपणाविषयी काहीतरी नक्की कळतं. १९७० च्या दशकातला होम्स १९९२ मध्ये, बेचाळीस वर्षांचा असताना, रे मर्सर या ऑलिंपिक सुवर्णविजेत्याला हरवून गेला. फोरमन बेचाळिसाव्या वर्षी इव्हँडर होलीफिल्डसमोर पुऱ्या बारा फेऱ्या उभा राहिला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी, १९९४ मध्ये, मायकल मूररला झोपवून पुन्हा विजेता झाला. ‘खेळ पुढे जातो, म्हणून नवे ते सरस’ असं म्हणणाऱ्याला या दोघांचं उत्तर द्यावं लागेल.

जुन्या चित्रफिती बघताना एक खबरदारी. मूकपटांच्या काळातले कॅमेरे हाताने फिरवत, त्या फिती पुढे जास्त वेगाने दाखवल्या गेल्या, म्हणून जॉन्सन आणि डेम्प्सी चावीच्या खेळण्यांसारखे तुरुतुरु दिसतात आणि आपल्याला हसू येतं. वेग दुरुस्त केलेल्या प्रती मिळतात, त्याच बघा. आणि संक्षिप्त झलकांवर मत बनवू नका. टायसनच्या झलका बघितल्या तर तो देव वाटतो. मे १९८६ मधली त्याची जेम्स टिलिसबरोबरची दहा फेऱ्यांची लढत अख्खी बसून बघा. ठोशांचे आकडेही आपोआप मानू नका. लढत चालू असताना संगणकावर ठोसे मोजायची पद्धत १९८५ पासूनची, त्याआधीचे आकडे नंतर फिती बघून काढलेले असतात आणि त्या फितीत कॅमेरा पाठीमागून असेल तर मोजणाराही अंदाजच करतो.

एवढं सगळं झाल्यावर एक जोड प्रत्यक्ष लावून दाखवतो, तीच ती सगळ्यांची लाडकी. नोव्हेंबर १९६६ चा अली, ९६ किलो. जून १९८८ चा टायसन, ९९ किलो. बारा फेऱ्या, दहा औंसांचे ग्लोव्ह्ज, वीस फुटी रिंग, १९८८ चा पंच.

टायसनची उंची पाच फूट दहा, फैलाव ७१ इंच. अली सहा फूट तीन, फैलाव ७८. टायसनला आत शिरावं लागणार, आणि आत शिरण्यात त्या वर्षी त्याच्याइतका वाकबगार कुणी नव्हता. मुठी गालांना लावलेल्या, डोकं सतत हलतं, जॅब चुकवता चुकवता बाजूने येणारा डावा हुक. आणि डावा हुक हेच अलीचं जुनं दुखणं. हात कमरेशी ठेवून सरळ मागे झुकायची त्याची सवय, त्यावर १९६३ मध्ये हेन्री कूपरने त्याला लंडनमध्ये बसवलं, १९७१ मध्ये फ्रेझरने पंधराव्या फेरीत पाठीवर पाडलं. पहिल्या चार फेऱ्यांत टायसन हे करू शकतो, यात शंका घेणारा अलीभक्त डोळे मिटून बसलेला आहे.

इथे तारखेची शिस्त पाळायची. १९९० च्या डग्लसचा दाखला मी टायसनविरुद्ध वापरणार नाही. तोवर प्रशिक्षक केव्हिन रूनी गेलेला होता आणि टायसन सरावाला धड येत नव्हता. मग १९७१ चा फ्रेझर अलीविरुद्ध वापरायचा का? हुक लागण्यापुरता नाही, कारण साडेतीन वर्षांच्या बंदीनंतर अलीचे पाय पूर्वीचे राहिले नव्हते. पण त्या हुकनंतर तो लगेच उठला, हे वापरता येतं. मार सोसायची ताकद वयाबरोबर वाढत नाही, १९७१ मध्ये होती ती १९६६ मध्ये निदान तेवढी असणारच. वयाने जे फक्त घटतं, त्याबद्दल नंतरचा चांगला पुरावा चालतो. नंतरचा वाईट पुरावा चालत नाही. ही फूटपट्टी मला फार वर्षांनी सापडली, तुम्ही आजपासून वापरा.

आणि टायसनविरुद्ध त्याच्या चांगल्या काळातलाच पुरावा आहे. उंच, जॅब असलेले किंवा मिठी मारणारे लोक त्याला शेवटपर्यंत नेत होते. १९८६ मध्ये टिलिस आणि मिच ग्रीन, १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथ आणि टोनी टकर. ते हरले, पण शेवटपर्यंत टिकले. मानेमागून हात घालून समोरच्याला वाकवून ठेवणं अलीला या चौघांहून चांगलं जमायचं, वर त्याचा वेग यांच्यापैकी कुणाकडेच नव्हता. फ्रेझर फेरीगणिक तापत जायचा. टायसन पहिल्या फेरीतच पूर्ण तापलेला असायचा, आणि पाचवी-सहावी उलटली की त्याची जोड-ठोशांची मालिका तुटून एकेक ठोसा उरायचा.

माझा कौल: दहा वेळा लढवलं तर सहा वेळा अली, बहुतेकदा गुणांवर, एखाद-दोनदा नवव्या-दहाव्या फेरीत लढत थांबवून. चार वेळा टायसन, चारही वेळा पाचवी फेरी सुरू व्हायच्या आत. फेऱ्या पंधरा केल्या तर अलीचं पारडं थोडं जड होतं. ग्लोव्ह्ज आठ औंसांचे केले तर पुन्हा टायसनकडे झुकतं. ‘दहापैकी किती’ असं बोलायची सवय लावून घ्या. एकदा ‘सहा’ म्हटलं की समोरचा ‘पाच’ म्हणतो आणि भांडण एका आकड्यावर येतं. ‘अलीच!’ म्हटलं की तो ‘टायसनच!’ म्हणतो आणि चहा गार होतो.

सध्या मी दुसऱ्याच जोडीत अडकलो आहे. जून १९३८ चा जो लुईस, मे २०२४ चा उसिक. नियम लुईसच्या काळातले, पंधरा फेऱ्या. उसिकने श्मेलिंगची फीत पाहिलेली आहे, लुईसने उसिकच्या सगळ्या. उसिक त्याच्याहून अकरा किलोंनी जड, फैलाव दोन इंचांनी जास्त, डावखुरा, आणि कॉनसारखे पाय. बाराव्या फेरीअखेर मला तो स्पष्ट पुढे दिसतो. तेराव्या फेरीची घंटा होते तिथे माझी वही थांबली आहे. मागच्या आठवड्यात सहा-चार उसिक लिहिलं होतं, परवा लुईसची कॉनबरोबरची तेरावी फेरी पुन्हा पाहिली आणि ते खोडून पाच-पाच केलं.